हुम्ल्याची मुलं, काठमांडूची अनाथालयं

नेपाळच्या वायव्य टोकाला तिबेटच्या सीमेला टेकलेला हुम्ला नावाचा जिल्हा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी तो पाहिलेला असतो, फक्त त्याचं नाव लक्षात राहिलेलं नसतं. कैलास-मानसरोवरला नेपाळमार्गे जाणारे यात्रेकरू नेपाळगंजहून छोट्या विमानाने सिमीकोटला उतरतात, ते सिमीकोट म्हणजे हुम्ल्याचं जिल्हा मुख्यालय. तिथून हेलिकॉप्टरने हिल्सा, आणि पूल ओलांडला की तिबेट. जुलै 2018 मध्ये हवामान बिघडून शेकडो भारतीय यात्रेकरू सिमीकोट आणि हिल्सात अडकले, तेव्हा ही नावं आपल्या बातम्यांतही आली होती. विमान आलं नाही तर इथून बाहेर पडायचं म्हणजे दिवसचे दिवस चालायचं, हे त्या लोकांना तेव्हा कळलं. हुम्ल्याच्या माणसाचा तो नेहमीचा प्रवास होता.

प्रकरण थोडक्यात असं. 2000 नंतरच्या काही वर्षांत हुम्ल्यातली शेकडो मुलं काठमांडू खोऱ्यातल्या बालगृहांत पोचली. कागदोपत्री ती अनाथ होती. त्यांच्या नावाने युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून पैसा येत होता आणि स्वयंसेवकही येत होते. अशा घरांतून काही मुलं दत्तक म्हणून परदेशीही गेली. पुढे शोध घेतला तेव्हा यातल्या बहुतेकांचे आईबाप हुम्ल्यात जिवंत निघाले. दलालांनी फसवलं, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी ही गोष्ट संपवतात. माझ्या मते दलाल हा यातला सोपा भाग आहे. परदेशातून चांगल्या मनाने दिलेला पैसा नेमका कशासाठी दिला जात होता, आणि तो तसा दिल्यामुळे कोणाला काय करणं परवडू लागलं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

जिल्हा आणि युद्ध

2011 च्या जनगणनेत हुम्ल्याची लोकसंख्या जेमतेम 51 हजार होती. उतारावरच्या शेतात जव, फापर (आपला कुट्टू), बटाटा असं काहीबाही पिकतं आणि ते वर्षभर पुरत नाही. सरकारी अन्न महामंडळाचा तांदूळ विमानाने यायचा. पुरुष हिवाळ्यात खाली उतरून मजुरीला जातात, अनेकदा भारतात. गावात शाळेची इमारत असते, पण मास्तर असतीलच असं नाही.

त्यात 13 फेब्रुवारी 1996 ला माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं. ते 21 नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारापर्यंत चाललं आणि त्यात 13 हजारांहून जास्त माणसं मेली. हुम्ला ज्यात येतो त्या कर्णाली भागातल्या डोंगराळ जिल्ह्यांत सरकार म्हणजे मुख्यालय आणि त्याभोवतीची चौकी, एवढंच उरलं. गावोगावचे गाव विकास समितीचे सचिव, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखी माणसं, जिवाच्या भीतीने मुख्यालयात येऊन बसले. खाली गावांत माओवादी घरटी एक माणूस मागत. घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा असला की आईबापांना रात्री झोप लागत नसे.

याच काळात दलाल आले. ते परके नव्हते. त्याच भागातले, चार शब्द इंग्रजी येणारे, काठमांडूत घर असलेले, कधी जिल्ह्याच्या राजकारणातही वावरलेले लोक. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलाला काठमांडूला नेतो, बोर्डिंग शाळेत घालतो, इंग्रजी शिकेल, युद्धापासूनही वाचेल. त्यासाठी पैसे लागतील. मग कोणी जनावर विकलं, कोणी शेताचा तुकडा, कोणी कर्ज काढलं. पैसे देऊन मूल सोपवलं. मूल कुठे जातंय याचा कागद त्यांच्या हातात आला नाही. आला असता तरी अनेकांना तो वाचता आला नसता.

या आईबापांना ‘भोळे’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीतले आईबाप लेकराला सहा वर्षांचं असताना आश्रमशाळेत ठेवून येतात, तेव्हा आपण त्यांना मूल टाकून दिलं असं म्हणत नाही. गावात शाळा चालत नाही, म्हणून चालते तिथे ठेवलं. हुम्ल्यातला बाप तेच करत होता, आणि वर युद्ध होतं. त्याचा हिशोब बरोबर होता, समोरचा माणूस खोटा निघाला.

फाइल

आता काठमांडूतल्या टोकाला येऊ. मुलाला घेऊन आलेल्या दलालाला ते मूल कुठेतरी उतरवायचं असतं. खऱ्या बोर्डिंग शाळेत उतरवलं तर दरवर्षी फी भरावी लागते. बालगृहात उतरवलं तर फी नाही, उलट मुलामागे पैसा येतो. पण बालगृहाला अनाथ मूल हवं. म्हणून ते अनाथ बनवलं जातं.

अशा मुलाच्या फाइलीत काय असे ते बघण्यासारखं आहे. गाव विकास समितीची शिफारस, ‘सदर बालक अनाथ व असहाय’ अशा आशयाची. बापाच्या मृत्यूचा दाखला. आईच्याही मृत्यूचा, किंवा आई दुसरं लग्न करून गेली आणि ठावठिकाणा नाही असा. जिल्हा प्रशासनाचा शिक्का. एक फोटो. दत्तकाचा मामला असेल तर मूल बेवारस सापडल्याचा पोलिसांचा अहवाल. यातला प्रत्येक कागद तांत्रिकदृष्ट्या खराच असे, म्हणजे खऱ्या कार्यालयातून, खऱ्या शिक्क्यानिशी निघालेला. सचिव गाव सोडून मुख्यालयात बसलेला असेल तर तो गावात जाऊन कोण मेलं, कोण जगलं हे बघणार कसा? समोर ओळखीचा माणूस उभा, हातात अर्ज, शंका घ्यायचं कारण नाही आणि न घेण्याचे पैसे मिळतात.

मुलाचं नाव अनेकदा बदललं जाई. आडनाव तर हमखास. आणि त्याला बजावून ठेवलेलं असे: कोणी विचारलं तर आईबाबा मेले म्हणायचं. आठ वर्षांचं मूल हे वाक्य चार वर्षं म्हणत राहिलं की पुढे काय होतं, ते शोधपथकांना नंतर दिसलं. ते खाली येईलच.

दलालाला या व्यवहारात दोन्ही बाजूंनी पैसे मिळत, आईबापांकडून मूल नेण्याचे आणि परदेशी देणगीदारांकडून मूल ठेवण्याचे. दत्तकाचा आकडा तर नियमातच होता: नेपाळ सरकारच्या 2008 च्या अटींनुसार एका आंतरदेशीय, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मुलाच्या दत्तकामागे 5,000 डॉलर बालगृहाला आणि 3,000 डॉलर सरकारला. हुम्ल्यातल्या एका घराच्या कित्येक वर्षांच्या रोख उत्पन्नापेक्षा ही रक्कम मोठी होती. अशा नियमातून अनाथ मुलांची संख्या घटेल असं कोणाला वाटलं होतं, कोण जाणे.

देणाऱ्यांची बाजू

नेपाळमध्ये तेव्हा 75 जिल्हे होते. अनाथ मुलं सगळीकडे असणार, त्यातही युद्धाने पोळलेल्या जिल्ह्यांत जास्त. पण नेक्स्ट जनरेशन नेपाळ या संस्थेच्या 2014 च्या अहवालाप्रमाणे देशातली जवळपास 90 टक्के बालगृहं फक्त पाच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की, आणि चितवन. म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच. बालगृहं मुलांजवळ उभी राहिली नाहीत, ती देणगीदारांजवळ उभी राहिली.

हे कसं चालतं ते समजायला थामेलमध्ये, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या वस्तीत, एक चक्कर पुरते. ट्रेकिंगहून उतरलेला, मनाने हललेला परदेशी माणूस. कोणीतरी त्याला सांगतं, जवळच एक अनाथालय आहे. तिथे पंचवीस मुलं, दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पातळ डाळ. तो आठवडाभर इंग्रजी शिकवतो, निघताना रडतो, घरी जाऊन पैसे गोळा करतो. पुढच्या वर्षी आणखी दोघे येतात. महिन्याला अमुक रुपयांत एका मुलाचा सांभाळ, वर मुलाचा फोटो आणि वर्षातून एक चित्र. मुलांची संख्या हा इथे खर्च राहत नाही, ती मिळकत होते. पंचवीसची बारा झाली तर मिळकत निम्म्यावर येणार. आणि मुलं गुटगुटीत दिसू लागली, घराला रंग लागला, तर पुढचा पाहुणा हात आखडता घेणार. काही घरांत मिळालेली गादी-पांघरुणं पाहुण्यांची पाठ वळली की बाजारात जात आणि मुलं पुन्हा जमिनीवर झोपत, ते या हिशोबात अगदी चपखल बसतं.

स्वयंसेवकांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: ‘मुलं इतकी प्रेमळ, पहिल्याच दिवशी येऊन बिलगली.’ ज्या मुलाच्या आयुष्यात दर पंधरा दिवसांनी माणूस बदलतो ते कोणालाही बिलगतं. घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी पाहुण्याला बघून आईच्या मागे लपतं, आणि ते तब्येत ठीक असल्याचं लक्षण असतं. रुमानियातल्या सरकारी अनाथालयांतल्या मुलांवर बुखारेस्टमध्ये जो दीर्घ अभ्यास झाला, त्याच्या 2007 मध्ये आलेल्या निष्कर्षांत संस्थेत वाढण्याची आणखी एक किंमत दिसते: संस्थेतून काढून सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांची बुद्धी संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

शोध कसा लागला

हुम्ल्यात तेव्हा द आयसिस फाउंडेशन ही परदेशी संस्था आरोग्य आणि शिक्षणाचं काम करत होती (2014 पासून तिचं नाव अदारा). 2004-05 च्या सुमारास तिच्या लोकांना काठमांडूत हुम्ल्याच्या मुलांचा एक मोठा घोळका वाईट अवस्थेत सापडला. एकूण 136 मुलांची जबाबदारी संस्थेने उचलली. या संस्थेचा फायदा असा की तिची माणसं हुम्ल्यात वावरत होती. गावांची नावं त्यांना ऐकून माहीत होती, बोली कळत होती. फक्त काठमांडूतच वावरलेल्या देणगीदाराला जे दहा वर्षांत दिसलं नसतं, ते त्यांना लगेच दिसलं: ही मुलं अनाथ कशी असतील?

दुसरी वाट एका स्वयंसेवकाची. कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण 2004 च्या अखेरीस काठमांडूजवळ गोदावरीतल्या एका छोट्या बालगृहात काही महिने राहिला होता. तो परत आल्यावर, 2006 च्या सुरुवातीला, तिथल्या दोन भावांची आई दारात येऊन उभी राहिली. अनाथ म्हणून नोंदलेल्या मुलांची आई. ती स्वतः शहराच्या कडेला एका खोलीत राहत होती आणि दलालाने तिच्या गळ्यात बांधलेली आणखी सात मुलं तिच्याजवळ होती, खायला काही नसताना. त्या सात मुलांना दुसऱ्या संस्थेत हलवायचं ठरलं. तेवढ्यात राजाविरुद्धचं आंदोलन पेटलं, ग्रेनन देशाबाहेर पडला, आणि मुलांना हलवायच्या आत दलालाने ती उचलून नेली.

सात मुलं हरवली हा काहींना निव्वळ योगायोग वाटेल. तसं नाही. दलालाला ती मुलं पुन्हा उचलणं सहज शक्य होतं, कारण कागदांवर तोच त्यांचा पालक होता. ग्रेननने परतून ती एकेक करून शोधली, नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था काढली, आणि 2006 च्या हिवाळ्यात, युद्ध थांबल्या थांबल्या, मुलांचे फोटो घेऊन तो हुम्ल्यात चालत गेला.

घर शोधणं

हा भाग संथ आणि कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो कोणत्याही पत्रकात नसतो. पण प्रकरणाचा जीव इथेच आहे.

नाव बदललेलं, कागद खोटे. मग मुलालाच विचारायचं. आईबापांची नावं नको, ती विचारली की पाठ केलेलं वाक्य येतं. घरातून बाहेर आलं की नदी कुठल्या हाताला होती? पाणी कुठून आणायचात? मामाचं गाव किती लांब? गावाच्या देवळात कुठला देव? तुझ्याबरोबर अजून कोण आलं होतं? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी, कारण दलाल एका गावातून मुलं घोळक्याने आणत. एकाला गाव आठवत नसलं तरी दुसऱ्याला आठवतं. अशा तुकड्यांतून एखादं खोरं, मग एखादं गाव ठरतं. तिथे सिमीकोटहून दोन-तीन दिवस चालत जायचं, फोटो दाखवायचा.

फोटो बघून आई ओळखते, बरेचदा लगेच. तरी तेवढ्यावर काम होत नाही. ही खरोखर आईच आहे का, की दलालाने पाठवलेली कोणी, हे शेजाऱ्यांकडून पडताळायचं. ज्यांच्या मृत्यूचे दाखले फाइलीत जोडलेले असत, अशी माणसं चुलीपाशी बसून चहा देत. काहींना दलालाची भीती होती, कारण तो अजून जिल्ह्यातच वजन राखून होता. काहींनी रागाने विचारलं, इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं? आणि बऱ्याच जणांनी जे विचारलं त्याने शोधायला गेलेली मंडळी गडबडली: कितवीत आहे? शाळा सुटणार नाही ना?

त्यांना मूल परत हवं होतं. पण शाळा सोडून परत नको होतं. त्यासाठीच तर शेत विकलं होतं.

इकडे काठमांडूत फोटो उलट दिशेने आला, आईबापांचा. काही मुलांनी तो हातात घेतला. काहींनी घेतला नाही. वर्षानुवर्षं ‘मेले’ म्हणत आलेल्या मुलाला आधी स्वतःच्याच तोंडचं वाक्य मोडावं लागतं. काहींच्या डोक्यात एकच प्रश्न होता: जिवंत होते तर न्यायला का आले नाहीत? आईबाप कसे येणार होते? काठमांडूत कुठे, कोणाकडे, हेच ठाऊक नव्हतं. पण अकरा वर्षांच्या मुलाला हे पटायला वेळ लागतो.

मग परत पाठवायचं कसं? ज्यांनी एका झटक्यात मुलं गावी सोडली त्यांची मुलं पुन्हा काठमांडूत दिसली. कारणं उघड आहेत. मूल घरची बोली विसरलेलं. डोंगरावर ओझं वाहायची सवय नाही. गावात सातवीनंतर शाळा नाही. चौदा वर्षांची मुलगी परत गेली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, कर्णालीत ही साधी वस्तुस्थिती आहे. म्हणून जमलेली पद्धत टप्प्याटप्प्याची होती. आधी पत्र, मग फोन, जिथे फोन होता तिथे. मग दसईंच्या सुट्टीत घरी जाऊन येणं. दसईं म्हणजे आपला दसराच, पण तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातचा टिका कपाळावर लागल्याशिवाय तो सण होत नाही, त्यामुळे त्या दिवसांत घरी असण्याला वेगळं वजन आहे. मग एक लांब मुक्काम. मग ठरवायचं. कोणी गावी राहिलं, कोणी सिमीकोटला नातेवाइकांकडे राहून तिथल्या शाळेत जाऊ लागलं. वयाने मोठी झालेली मुलं काठमांडूतच शिकत राहिली, पण आता त्यांना आईबाप होते आणि सुट्टीत जायला घर होतं. दर काही महिन्यांनी कोणीतरी चालत जाऊन बघून यायचं: मूल शाळेत जातंय का, खायला मिळतंय का, दलाल पुन्हा घिरट्या घालत नाहीये ना.

या कामात हुम्ल्याच्या माणसांची संस्था, द हिमालयन इनोव्हेटिव्ह सोसायटी, नसती तर बाहेरच्यांचे पाय पहिल्याच खिंडीत थकले असते.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. त्या बालगृहांतून निघालेली काही मुलं पुढे चांगली शिकली, नोकरीला लागली. त्यांना विचारलं तर काहीजण म्हणतील, गावात राहिलो असतो तर हे झालं नसतं. हे खोटं नाही. पण त्यांना शिकवलं शाळेने. त्यासाठी आईबापांना कागदावर मारायची गरज नव्हती.

सरकारं आणि भूकंप

आंतरदेशीय दत्तकाचा दरवाजा नेपाळने 2007 मध्ये बंद केला, नव्या अटी करून 2009 मध्ये पुन्हा उघडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आंतरदेशीय दत्तकाचा जागतिक करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या कार्यालयाचं पथक येऊन गेलं, त्याला कागदपत्रांत गंभीर गैरप्रकार दिसले. ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकेने नेपाळमधून ‘बेवारस’ म्हणून दाखवलेल्या मुलांची दत्तक प्रकरणं थांबवली. इतर काही देशांनीही हात आवरला.

2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फर्गेट मी नॉट या संस्थेला कळलं की आपण 2006 पासून काठमांडूत चालवत असलेल्या घरातल्या मुली अनाथ नाहीत. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, केट व्हॅन डोर, वकील होत्या. पुढे त्यांनी ग्रिफिथ विद्यापीठात ‘कागदी अनाथ’ या विषयावरच संशोधन केलं, आणि संस्थेने घर चालवणं सोडून मुलींची कुटुंबं शोधायचं काम घेतलं. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठीच्या तस्करीला स्वतंत्र प्रकरण दिलं. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख आला.

मधल्या काळात 25 एप्रिल 2015 चा भूकंप झाला. 7.8 तीव्रता, जवळपास नऊ हजार मृत्यू. जगभरातून पैसा आला, आणि त्यातला बराच ‘अनाथ मुलांसाठी’ म्हणून. हुम्ल्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे सरकारने या वेळी लगेच तीन गोष्टी केल्या: आईबाप किंवा मान्य पालकाशिवाय मुलांच्या प्रवासावर बंदी, नव्या बालगृहांची नोंदणी बंद, आंतरदेशीय दत्तक बंद. युनिसेफच्या माहितीप्रमाणे पहिल्या दोन महिन्यांतच किमान 245 मुलांना तस्करीतून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून अडवलं गेलं. तेव्हा देशभरच्या बालगृहांत सुमारे 15 हजार मुलं होती आणि त्यांतल्या 85 टक्के मुलांची निदान आई किंवा बाप तरी जिवंत होता.

पुण्याहून आलेला प्रश्न

माझ्या ओळखीतल्या पुण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपने मध्यंतरी काठमांडूतल्या एका बालगृहासाठी पैसे जमवायचे ठरवले आणि मला विचारलं. वरचं सगळं सांगितल्यावर ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या, “ते सगळं खरं असेल हो, पण मुलं तर उपाशी होती ना? मग त्यांना जेवण देऊ नको म्हणता का?”

त्यांचा मुद्दा रास्त होता. समोरच्या मुलाला जेवण द्यावंच. मी त्यांना फक्त पाच गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या. घरात किती मुलं आहेत याऐवजी, गेल्या तीन वर्षांत किती मुलं आपल्या घरी परत गेली? प्रत्येक मुलाच्या आईबापांशी शेवटचं बोलणं कधी झालं? मुलं कुठल्या जिल्ह्यांतली, आणि त्या जिल्ह्यांत तुमचा कोणी माणूस आहे का? कोणीही पर्यटक येऊन मुलांमध्ये बसू शकतो का? बसू शकत असेल तर तिथेच थांबायचं. आणि पैसा मुलाच्या गावच्या शाळेला, किंवा आईला महिन्याच्या महिन्याला दिला तर घ्याल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना समोरच्याचा आवाज कसा बदलतो तेवढं ऐकलं तरी पुष्कळ कळतं.

आपल्याकडे हे वेगळं सांगायची खरं तर गरज पडू नये. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना याच विचारावर आहे: मूल संस्थेत न ठेवता आईकडे, आजीकडे, काकाकडे राहावं म्हणून त्या घराला दरमहा पैसे. रक्कम वर्षानुवर्षं 425 रुपयांवर अडली होती, कोविडनंतर ती 1,100 झाली, मग 2,250. रखडलेल्या हप्त्यांच्या तक्रारी कायमच्या, पण पैसा योग्य दाराशी जातो. परदेशातल्या अनाथालयाला देणगी देणारा माणूस अनेकदा आपल्याच तालुक्यातल्या या योजनेचं नाव ऐकलेला नसतो.

अजून न सुटलेलं

नेपाळच्या 2018 च्या बालकविषयक कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला, आणि अनाथ नसलेल्या मुलाला जबरदस्तीने अनाथ ठरवून तशी नोंद करणं गुन्हा केला. त्याआधी दलालाला पकडलं तरी कलम सापडत नसे, कारण 2007 च्या मानवी तस्करी कायद्यात खरेदी-विक्री, वेश्याव्यवसाय, अवयव काढणं अशी रूपं होती. मुलाला बालगृहात नेऊन ठेवणं त्यात नीट बसत नव्हतं. हुम्ल्याची मुलं ज्या काळात नेली गेली तो सगळा काळ 2018 च्या कायद्याच्या आधीचा.

ती मुलं आता तिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांना जुनी फाइल अजून अडवते. नेपाळमध्ये सोळाव्या वर्षी नागरिकता प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला आई किंवा बापाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि नावं जुळावी लागतात. ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर दलालाने दिलेलं आडनाव आहे आणि सरकारी कागदावर बाप मृत आहे, त्याचं काहीच जुळत नाही. प्रमाणपत्र नाही तर बँकेत खातं नाही, पासपोर्ट नाही, सरकारी नोकरीचा अर्ज नाही. मग बापाने गावाहून चालत सिमीकोटला यायचं, आपण जिवंत आहोत आणि हा आपलाच मुलगा आहे हे जिल्हा प्रशासन कार्यालयात साक्षीदारांसह सांगायचं, आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव बदलून घ्यायला मुलाने काठमांडूत वेगळे हेलपाटे घालायचे. कुटुंबं जोडणाऱ्या संस्थांचा बराच वेळ आणि पैसा आजही या कागदांवर जातो, आणि त्यासाठी देणगी मागितली तर देणारे फारसे मिळत नाहीत.